खरूज, करंज आणि सत्काराची शाल

आमच्या घरात कधी कोणाला खरूज झाली नाही. उष्णता झाली, पित्त उठलं, साबण सोसला नाही. एका काकांना तर नुसतंच 'हवामान' झालं होतं आणि ते दोन महिने खाजवत होते. खरूज हा शब्द आमच्याकडे माणसासाठी वापरत नसत. ती रस्त्यावरच्या कुत्र्याला व्हायची. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी ती आमच्या घरात आली तेव्हा तिला ओळखणारं माणूस बाहेरचं निघालं, आणि ओळखल्याची शिक्षाही त्याच माणसाला झाली.

घर म्हणजे नारायण पेठेतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. माणसं दोन. एक मी, कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली, लग्न न केलेली आणि म्हणून वडिलांना सांभाळायला जन्मतःच पात्र ठरलेली. दुसरे बाबा, वय अठ्ठ्याऐंशी, एके काळचे मुख्याध्यापक, मांडीचं हाड मोडल्यापासून पलंगावर. डोकं शाबूत, कान शाबूत, फक्त अंग स्वतःचं राहिलं नव्हतं.

त्यांना उचलणं-बसवणं मला एकटीला जमेना, म्हणून मावशी आल्या. मावशी माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान होत्या. पण पुण्यात दुसऱ्याच्या म्हाताऱ्याला अंघोळ घालायला येणारी बाई कोणत्याही वयाची असली तरी मावशीच असते. जिव्हाळा दाखवायची ही फार स्वस्त पद्धत आहे. मूळच्या त्या भंडाऱ्याकडच्या. नवऱ्याला कारखान्यात काम मिळालं म्हणून इकडे आल्या, विश्रांतवाडीत राहिल्या, नवरा गेल्यावरही तिथेच राहिल्या. आजोबांनी छप्पन साली बौद्ध धर्म घेतला, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात, मी काही विचारायच्या आत सांगून टाकलं. पेठांतल्या घरांत काम केल्याचा अनुभव असावा. सकाळी आठला बसने यायच्या. संध्याकाळी जाता जाता आमच्याच इमारतीतल्या पहिल्या मजल्यावरच्या बाईंचे गुडघे तासभर चोळून द्यायच्या. या दोन घरांवर त्यांचं चाललं होतं आणि मुलीचं नर्सिंगचं शिक्षणही.

त्यांचा चहाचा कप वेगळा होता. मी वाचनाने सुधारलेली असल्यामुळे तो निळ्या फुलांचा, टवका न उडालेला, चांगला निवडला होता. पण होता वेगळा. स्वयंपाकघराच्या खिडकीत असायचा. त्यांनी त्याबद्दल कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही. मी याला समजूतदारपणा म्हणत असे.

तिसरं माणूस दर रविवारी यायचं. माझा थोरला भाऊ, दादा. वनस्पतिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. निवृत्तीनंतर त्याला आपल्या परंपरेचा शोध लागला आणि तो औषधी वनस्पतींवर व्याख्यानं देऊ लागला. व्याख्यानाचं नाव 'अंगणातला दवाखाना'. दादाच्या कोथरूडच्या घराला अंगण नाही. बाल्कनीत एक मनीप्लँट आहे, त्याला पाणी वहिनी घालतात. पण सभागृहात तो 'आपल्या अंगणात' असं म्हणाला की समोरचे सगळे ज्येष्ठ नागरिक, ज्यांच्यापैकी कोणालाच अंगण नव्हतं, भरल्या डोळ्यांनी मान हलवायचे.

त्या वर्षी पावसाळ्याआधी दादा शहराबाहेरच्या एका निसर्गोपचार केंद्रात दहा दिवस राहून आला. मातीचे लेप, उपास, सामुदायिक शवासन, आणि केंद्रानेच दिलेल्या सतरंज्या आणि चादरी. परत आला तो मनगटं आणि बोटं खाजवतच. काय झालं म्हणून मी विचारलं.

"काही नाही. शरीरातली विषं बाहेर पडतायत. तिथे सांगितलंच होतं, महिनाभर चालेल."

"बोटांमधून?"

"अगं, कुठूनही पडतात. शरीर सुज्ञ असतं."

पुढच्याच आठवड्यात त्याचा कुठल्याशा मंडळात सत्कार झाला. शाल आणि नारळ मिळाला. नारळ वहिनींनी ठेवून घेतला, शाल तो अंगावर घेऊनच आमच्याकडे आला आणि बाबांच्या खांद्यावर घातली. "ही तुमची आहे," म्हणाला. बाबांचे डोळे ओलावले. बाबांना आयुष्यात एकदाच शाल मिळाली होती आणि ती आईने दुसऱ्या कोणाच्या तरी सत्काराला देऊन टाकली होती. हे त्यांना चाळीस वर्षं टोचत होतं. ही दुसरी शाल त्यांनी सोडलीच नाही. जेवताना, झोपताना, उन्हाळा असो की पंखा बंद असो, ती अंगावर. दादा रविवारी यायचा, पलंगाच्या कडेला बसून त्यांचा हात दोन्ही हातांत धरून तास-तासभर बोलायचा. वडील आणि मुलगा यांचं ते चित्र पाहून मला हेवा वाटायचा. माझा हात त्यांनी असा कधी धरला नव्हता. माझ्याकडून त्यांना बेडपॅन हवा असायचा.

महिन्याभरात बाबा खाजवायला लागले. आधी हात, मग बगला, मग पोट. दिवसा कमी, झोपायच्या वेळेला जास्त. दादाने येऊन पाहिलं आणि निदान केलं, उष्णता. उपाय लिहून दिले. कडुलिंबाच्या पाल्याच्या काढ्याने अंघोळ. हळद आणि कडुलिंबाचा लेप. टाकळ्याचं बी आंबट ताकात वाटून. प्रत्येक झाडापुढे संस्कृत नाव आणि त्यापुढे लॅटिन. टाकळ्याला चक्रमर्द म्हणतात, हे मला त्या कागदावरून कळलं. कागद इतका सुंदर होता की तोच अंगाला चोळावा असं वाटलं.

कडुलिंबाचा पाला मी मंडईतून आणला. पाडवा सोडून इतर दिवशी एवढा पाला मागणारी बाई पाहून विक्रेतीने विचारलं, "घरात कोणाला देवी आल्यात का?" मी 'नाही' म्हटलं आणि रिक्षात बसले.

तो पाला उकळताना मावशी स्वयंपाकघरात आल्या. कागद वाचला. मग बाहेर जाऊन बाबांचा पंजा उघडून बोटांच्या बेचक्यांत खिडकीच्या उजेडाने पाहिलं. परत आल्या.

"ताई, ही खरूज आहे जी."

"उष्णता आहे ती," मी म्हणाले.

"उष्णता बोटाच्या बेचक्यात नाही बसत. तिथे रेघ आहे बारीक. किडा घर करून राहिला आत."

"मावशी, असं बोलू नका. बाबा ऐकतील."

"बाबाले माहीत आहे. त्यांनीच मला विचारलं काल, बाई, ही खरूज तर नाही ना म्हणून."

मी पातेल्यात पळी फिरवत राहिले. त्या म्हणाल्या की गावाकडे करंजाच्या तेलात गंधक घालून लावत. टाकळ्याला त्यांच्याकडे तरोटा म्हणतात; त्याची भाजी चांगली होते, गजकर्णावर बी चालतं, पण खरजेला त्याचा भरवसा नाही. कडुलिंबाने बरं वाटतं, पण नुसत्या अंघोळीने किडा जात नाही. आणि मग त्या जे बोलल्या ते त्यांनी मला पुढे निदान पाच वेळा सांगितलं असेल.

"झाड कोणतंही घ्या ताई. औषध एका दिवशी सगळ्यांनी लावायचं. ज्याला खाज नाही त्यानंही. गळ्यापासून तळपायापर्यंत. कपडे, चादरी त्याच दिवशी उकळायच्या. आठ दिवसांनी परत सगळं. एक माणूस सुटला ना, की सगळं वाया."

"सगळ्यांनी म्हणजे?"

"तुम्ही, बाबा, मी. आणि सर."

सर म्हणजे दादा. एव्हाना माझ्या कमरेलाही खाज होती. मी तिला घामोळं म्हणत होते.

गंधक आणायला रविवार पेठेत काष्ठौषधींच्या दुकानात गेले. गल्ल्यावरचे गृहस्थ चष्म्यावरून बघत म्हणाले, "कोणासाठी?"

"कुत्र्यासाठी."

"कुत्र्याचं प्रमाण वेगळं आणि माणसाचं वेगळं. नीट आठवून सांगा, कोण आहे ते."

"माणूस," मी म्हणाले.

"होईल बरं," ते म्हणाले आणि पुडी बांधली. एवढंच. इतक्या सहज 'होईल बरं' म्हणणारं माणूस त्यानंतर बरेच दिवस भेटलं नाही.

करंजाच्या तेलाला कडवट, जुन्या देवळातल्या समईसारखा वास असतो. गंधकामुळे त्यात फटाक्यांचा वास मिसळला. मावशींनी बाबांना लावलं, मग दार लावून मला लावलं, मग स्वतःला लावलं. मला त्यांनी लावताना मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. आईनंतर माझ्या पाठीला कोणाचा हात लागला नव्हता. मी त्यांना वेगळा कप देत होते आणि त्या माझ्या बगला चोळत होत्या. हे मला तेव्हाही दिसलं होतं. दिसण्याने काही होत नाही.

चादरी, उशीचे अभ्रे, बाबांचे सदरे असं सगळं बंबातल्या कढत पाण्यात घातलं. शाल राहिली. बाबा ती देईनात. मी दादाला फोन लावला. वाटलं, तो सांगेल तर देतील.

"शाल उकळायची?" दादा म्हणाला. "सत्काराची शाल आहे ती. ती धुवायची नसते."

"कोणी सांगितलं?"

"धुतलेली पाहिलीयस कधी?"

हे मात्र खरं होतं. सत्काराच्या शाली धुतलेल्या मी पाहिल्या नाहीत. त्या घडी करून कपाटात जातात आणि पुढच्या सत्कारमूर्तीच्या खांद्यावर निघतात.

मी म्हणाले, "दादा, तूही लावून घे तेल. मावशी म्हणतात सगळ्यांनी एकाच दिवशी—"

"मला? मला काय झालंय?"

"तुलाही खाज आहे."

"ती खाज वेगळी. आणि मी वनस्पतिशास्त्र शिकवलंय पस्तीस वर्षं. मला आता बाई सांगणार करंज काय आहे ते?"

त्याला करंज काय आहे ते पक्कं माहीत होतं, यात शंका नाही. पानं, शेंगा, कूळ सगळं. तो फक्त लावून घेणार नव्हता. लावून घेतलं असतं तर आपल्याला खरूज आहे असं झालं असतं.

आठ दिवसांनी आम्ही तिघांनी परत लावलं. बाबांची खाज गेली. ते दुपारी झोपू लागले. मावशींना म्हणाले, "बाई, तुम्ही मला माणसात आणलंत." दादा दोन रविवार व्याख्यानांमुळे आला नव्हता. तिसऱ्या रविवारी आला, शाल बाबांच्या खांद्यावर नीट केली आणि त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन बसला. मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या वेळी उठून 'दादा, हात सोड' एवढं म्हणायला हवं होतं. मी चहा ठेवायला आत गेले.

चार-पाच दिवसांत बाबा परत खाजवू लागले.

दादाने आता दुसरं निदान केलं. हे त्याने बाबांसमोर, मावशी मोरीत असताना, हळू आवाजात केलं.

"घरात बाहेरचं कोण येतं? विचार कर. ती कुठे राहते, कुठल्या बसने येते, तिथे काय परिस्थिती असते. तिलाच कशी लगेच ओळखता आली? ज्याला असतं त्याला ओळखता येतं."

"तिला नाहीये, दादा. मी पाहिलंय."

"आतून असतं."

बाबा म्हणाले, "बाईंना काही नाही." दादा म्हणाला, "तुम्ही पडून राहा."

जाताना लिफ्टमध्ये त्याला सोसायटीचे सेक्रेटरी भेटले असावेत. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला, की तिसऱ्या मजल्यावर कामाला येणाऱ्या एका महिलेस संसर्गजन्य त्वचारोग असल्याचे समजते, तरी सर्व सभासदांनी आपापल्या घरी काळजी घ्यावी व सदर महिलेस लिफ्टचा वापर करू देऊ नये. खाली अकरा जणांनी हात जोडले होते. पहिल्या मजल्यावरच्या गुडघेवाल्या बाईंनी लिहिलं होतं, 'थँक्स फॉर इन्फॉर्मिंग'.

मी उत्तर लिहायला घेतलं. मला लिहिता येतं. तीस वर्षं ग्रंथालयात मी लोकांना उशिरा पुस्तक परत केल्याबद्दल पत्रं लिहिली, तीही अशी की त्यांनी माफी मागावी. हे चार ओळींचं उत्तर मी पाऊण तास लिहिलं. त्यात कोणाला खरूज आहे हे आलं की ती आमच्या घरात आहे हे यायचं, आणि घरात कोणामुळे आली हेही यायचं. आणि दादाचं पुढच्या महिन्यात याच पेठेत व्याख्यान होतं. मी लिहिलेलं पुसलं.

दुसऱ्या दिवशी मावशींना वॉचमनने खाली थांबवलं. त्यांनी फोन केला, मी खाली गेले. गेटपाशी उभ्या होत्या, हातात डब्याची पिशवी.

"ताई, हा म्हणतो मला रोग आहे."

मी म्हणाले, "मावशी, थोडे दिवस जरा नका येऊ. वातावरण निवळू दे."

त्यांनी पिशवी बाकावर ठेवली आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरले, बोटं फाकवून. स्वच्छ होते. बेचक्यांत कोरडेपणा सोडून काही नव्हतं. "पाहा," म्हणाल्या. मी पाहिलं.

"तुम्ही पाह्यलं ना? मग एवढंच सांगा यांना. मी काही भांडत नाही कोणाशी. एवढंच सांगा."

वॉचमन मोबाइलमध्ये बघत होता, म्हणजे ऐकत होता.

"सांगते," मी म्हणाले. "आज नको, नंतर सांगते व्यवस्थित."

त्यांनी हात खाली घेतले. "बाबाले दुपारची गोळी जेवणानंतर," म्हणाल्या आणि पिशवी उचलून गेल्या. पहिल्या मजल्यावरचं काम त्याच दिवशी सुटलं. समोरच्या इमारतीतही त्यांचं एक काम ठरत आलं होतं, तेही मग ठरलं नाही. हे मला वॉचमननेच सांगितलं.

बाबांसाठी एजन्सीतून एक मुलगी आली. ती हातमोजे घालून काम करायची आणि चौथ्या दिवशी आली नाही. दुसरी आली. बाबांच्या पोटावर आता खाजवून खाजवून जखमा झाल्या होत्या. ते विचारायचे, "बाई कधी येणार?" मी म्हणायचे, गावाला गेल्यात. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे न्यायचं ठरलं. बाबांना खुर्चीत घालून न्यायला पुरुष माणूस हवं म्हणून दादा आला.

डॉक्टर तिशीतली मुलगी होती. तिने बाबांची बोटं भिंगातून पाहिली आणि आवाज न बदलता म्हणाली, "खरूज आहे." मग विचारलं, "आधी काय काय लावलंत?"

दादाने चक्रमर्दापासून सुरुवात केली. तिने मध्येच माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "करंजाचं तेल आणि गंधक. त्याने गेली होती. परत आली."

"गंधक आम्हीही वापरतो. सगळ्यांनी एकदम लावलं होतं का? घरात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी?"

"एक जण सोडून."

"मग उपयोग नाही," ती म्हणाली. "एक जरी राहिलं तरी परत सगळ्यांना. हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले.

तिने दादाकडे हात पुढे केला, अगदी नम्रपणे, शेकहँड करावा तसा. त्यालाही तसंच वाटलं असावं. त्याने हात दिला. तिने तो उलटा करून बोटं फाकवली आणि भिंग लावलं.

"हे तर जुनं आहे, सर. चार-पाच महिने? तुमच्यापासूनच सुरुवात झालेली दिसते."

दादा म्हणाला, "ही विषं—" आणि थांबला. बाबा खुर्चीत शाल सावरून बसले होते. ते त्याच्याकडे बघत होते. मुख्याध्यापकाच्या नजरेने नाही, बापाच्याही नाही. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बाईंना बोलाव."

मलम सगळ्यांनी लावलं, एकाच दिवशी. दादाने, वहिनींनी, मी, बाबांनी, नव्या मुलीने. शाल मी उकळली. लोकर म्हणून दिलेली ती शाल बादलीत जांभळा रंग सोडून टॉवेलएवढी झाली. बाबांना सांगितलं, कपाटात ठेवली आहे.

महिन्याभराने मी विश्रांतवाडीला गेले. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली मुलीची जाडजूड पुस्तकं. मावशींनी चहा केला. फडताळातल्या सहा सारख्या कपांतला एक माझ्यापुढे ठेवला, एक स्वतः घेतला. मला फक्त बाबा आठवण काढतात एवढंच सांगायचं होतं, असं मी मला सांगत आले होते.

"कसे आहेत बाबा?"

"बरे आहेत. तुम्हाला बोलावलंय. परत याल का?"

"खाली सांगितलं का ताई, तुम्ही?"

"आता कोणाच्या लक्षातही नसेल ते."

"माझ्या लक्षात आहे ना जी." त्या कप खाली ठेवून म्हणाल्या, "मी त्याच गेटमधून येणार. तो वॉचमन मले लिफ्ट नको म्हणणार. तुम्ही सांगा आधी, मग मी पाहते."

घरी येऊन त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं, की तिसऱ्या मजल्यावर कामाला येणाऱ्या महिलेस कोणताही आजार नव्हता, संसर्ग आमच्या घरातूनच झाला होता, झालेल्या गैरसमजाबद्दल दिलगीर आहे. सभ्य, सुटसुटीत निरोप. चार जणांनी हात जोडले. त्याचा फोटो मावशींना पाठवला. बऱ्याच वेळाने त्यांचा फोन आला.

"वाचलं मी. 'घरातून' म्हणजे कोणाकडून, ते नाही लिहिलं."

"ते लिहायची काय गरज, मावशी?"

"लोक म्हणतील, घरात काम करणारी म्हणजे घरातलीच झाली. तिनेच आणला. ताईंनी झाकलं." मग म्हणाल्या, "एक माणूस सोडला ना तुम्ही."

पुढच्या आठवड्यात दादाचं व्याख्यान झालं, आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. मी तिसऱ्या रांगेत होते. त्यात एक नवा भाग होता. "खरजेवर आपले पूर्वज काय करत?" दादाने विचारलं. "भंडाऱ्याच्या जंगलातल्या एका वैदूकडून मी हे शिकलो. अडाणी माणूस. तो मला म्हणाला, झाड कोणतंही घ्या, पण औषध एका दिवशी सगळ्यांनी लावायचं. एक माणूस सुटला की सगळं वाया. बघा, केवढं सामाजिक तत्त्वज्ञान आहे यात." सभागृहाने मान हलवली. माझ्या शेजारच्या बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं.

शंका-समाधानात मी हात वर केला.

"त्या वैदूचं नाव काय?"

दादाने मला पाहिलं. तो जरा हसला आणि माझ्याकडे नव्हे, सभागृहाकडे बघून म्हणाला, "लोकज्ञानाला नाव-गाव नसतं."

टाळ्या वाजल्या. मग त्याला शाल घालण्यात आली.

मी घरी येऊन उभ्या उभ्याच निरोप लिहिला. या वेळी पाऊण तास लागला नाही. खरूज माझ्या भावाला होती, त्याच्याकडून वडिलांना आणि मला झाली, मावशींनी ती ओळखली आणि बरी केली, भावाने औषध घ्यायला नकार दिला म्हणून ती परत आली, आणि मावशींबद्दलची अफवा त्यानेच पसरवली. मला हे सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी गप्प बसले, हेही लिहिलं. आणि मावशींचं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. इथे लिहिलेलं नाही, कारण ही हकिकत पुस्तकात येणार आहे, त्यात नाव लिहू का म्हणून विचारल्यावर त्या म्हणाल्या, "पुस्तकात कशाला? तुमच्या पुस्तकवाल्यांनी मला कुठे अडवलं होतं?"

 ग्रुपवर सेक्रेटरींनी लिहिलं, 'हा ग्रुप फक्त पाणी, पार्किंग व मेंटेनन्ससाठी आहे. कृपया वैयक्तिक मजकूर टाकू नये.' त्याला चौदा जणांनी हात जोडले.

मावशींना फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा निरोप आला. 'वाचलं. मुलीलाही दाखवलं. मला येरवड्याला एका म्हाताऱ्या बाईंकडे दिवसभराचं काम लागलं आहे, ते सोडता येणार नाही. बाबांच्या पाठीला खोबरेल लावत जा, जखमांचे डाग जातील.'

दादाला तो मजकूर कोणीतरी पाठवलाच. तेव्हापासून तो रविवारी येत नाही. वहिनी फोन करतात, त्याला प्रवास झेपत नाही म्हणतात. व्याख्यानं चालू आहेत.

बाबांच्या पाठीला रोज खोबरेल मीच लावते. हात मावशींसारखा चालत नाही, ते सांगतात तसं. रविवारी ते सकाळपासून दाराकडे बघत असतात आणि इतर दिवशी आठच्या सुमाराला. कोणी येत नाही हे त्यांना माहीत आहे. परवा तेल लावताना म्हणाले, "तू लिहिलंस ते बरं केलंस." आणि जरा वेळाने, "पण तेव्हा लिहायला हवं होतंस." मी म्हणाले, "कुशीवर वळा." ते वळले.